एकाच गोळीची जोडी

फौजी मामांकडे हत्यारं दोन होती आणि गोळ्यांची पिशवी एकच. एक लांब रायफल, एक रिव्हॉल्व्हर, दोन्ही पॉइंट टू-टू या लहान मापाची. रायफलची गोळी रिव्हॉल्व्हरला चालायची आणि रिव्हॉल्व्हरची रायफलला. फौजेतून परतलेल्या माणसांकडे एखादी दुनळी बंदूक असते, ती आपण सगळ्यांनीच पाहिलेली असते. अशी जोडी मात्र मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही.

मामा आमच्या कुंभार पिंपळगावचे. आईचे सख्खे भाऊ नव्हेत, पण आईने राखी बांधली तेव्हापासून मामाच. निवृत्तीनंतर ते नवीन जालन्यात एका बियाण्याच्या व्यापाऱ्याकडे गनमॅन होते. दुकानात असले की कमरेला रिव्हॉल्व्हर, गोदामावर पाळी असली की खांद्याला रायफल. शेठ चिडवायचे, "फौजी, ये तो चिड़िया मारने की बंदूक है." मामा स्टुलावरून न उठता म्हणायचे, "सेठजी, चोर काय गोळीचं माप विचारून येतो का?"

एकच गोळी का, असं मी एकदा त्यांना विचारलं. ते म्हणाले, "आमच्या तुकडीत एक पोरगा होता. त्याच्याकडं दोन तऱ्हेच्या गोळ्या. फायरिंग सुरू झालं अन् हा गडी छोट्या कारबाइनच्या गोळ्या रायफलीत कोंबून राह्यल्ता. हुशार होता गं, बिलकुल अडाणी नव्हता. पण भ्यालेल्या माणसाला निवड करायला लावू नये." त्या मुलाचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मलाही विचारवलं नाही.

मामा मला नेहमी थकलेलेच आठवतात. प्रत्येक निवडणुकीला दोन्ही हत्यारं ठाण्यात जमा करायची, पावती जपायची, निकालानंतर परत आणायला चकरा मारायच्या. "बॉर्डरवर इतका थकलो न्हाई पोरी," ते म्हणायचे, "जितका ह्या ठाण्यातल्या बाकड्यांवर बसून थकून राह्यलो."

अशाच एका निवडणुकीत हत्यारं ठाण्यात होती आणि परवान्याचं नूतनीकरण आलं. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली, त्यामुळे ओळखीतल्या सगळ्यांचे फॉर्म माझ्याकडे यायचे. मामांचाही मीच भरला. तक्त्यात सुरुवातीलाच गोळीचं माप विचारलं होतं. गोळी एकच, म्हणजे ओळही एकच, असं मला वाटलं. त्या ओळीत मी रायफलचा नंबर लिहिला आणि पुढच्या रकान्यात गेले. मामांनी न वाचता सही केली. माझ्यावर इतका विश्वास तोपर्यंत कुणी ठेवला नव्हता.

परवाना आला तो एकट्या रायफलचा. ठाण्याने रिव्हॉल्व्हर द्यायला नकार दिला, आणि रिव्हॉल्व्हरशिवाय शेठ मामांना दुकानावर ठेवायला तयार नव्हते.

आम्ही दोघं जालन्याला कलेक्टर कचेरीत गेलो. तिथले लिपिक चांगले होते. त्यांनी कागद शांतपणे पाहिले आणि विचारलं, "दुरुस्ती होईल काका. फॉर्म कुणी भरला? त्याचा ठाण्यात जबाब लागेल."

मी तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होते. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मामा म्हणाले, "म्याच भरला साहेब. आताशा मला बराबर दिसत न्हाई."

लिपिकांनी पेन खाली ठेवलं. "काका, दिसत नाही तर बंदूक कशी चालवता? डोळ्यांचा दाखला आणा. तोवर रायफलही ठाण्यातच राहू द्या."

बाहेर व्हरांड्यात मी रडकुंडीला आले. "मामा, तपासणी करू. तुमचे डोळे चांगले आहेत."

"म्हणूनच करायची न्हाई. डोळे चांगले निघाले की मंग पुन्हा विचारतील, फॉर्म कोणी भरला? उद्या भरतीसाठी तुझी चौकशी होईल तवा ठाण्याच्या कागदावर तुझं नाव नको."

जबाब दिल्याने माझं काही बिघडलं नसतं, हे मला आता कळतं. तेव्हा ते मामांना माहीत नव्हतं आणि मलाही. पण खरं सांगायचं तर, त्यांनी नाही म्हटल्यावर मला आतून थोडं हलकं वाटलं होतं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आता मामा नाहीत. ते असते तर त्यांनी मला हे लिहूही दिलं नसतं.

व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसून त्यांनी दोन्ही हत्यारं सोडत असल्याचा अर्ज लिहिला. मी लिहून देते म्हटलं, तर म्हणाले, "र्‍हाऊ दे. दमलीस तू." आता कामावर येणार नाही हे शेठना फोनवर सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

मग आम्ही बसस्टँडवर येऊन उभे राहिलो. ऊन कलतं होतं, धूळ उडत होती. फाटकाच्या पलीकडे, रस्त्याच्या पार टोकाला एक लाल गाडी वळली. मला तिच्यावरची पाटी नुसती पांढरी दिसत होती.

मामांनी पिशवी उचलली. "आपली येऊन राह्यली," ते म्हणाले, "घनसावंगी, कुंभार पिंपळगाव. चल जल्दी, जागा धरू."