मालोजींची अट

पुण्याच्या विद्यापीठातली मुलं मालोजींकडे शिकायला येणार हे ऐकून रहाटणी गावाने तोंडात बोटं घातली. स्वारी स्वतः चौथी नापास, आणि शिकवणार कोणाला, तर बी.ए.वाल्यांना! पण १९५६ साली गावात भरलेल्या त्या शिबिरात मुलांना गावोगावची भांडणारी माणसं एकत्र बसवायला शिकायचं होतं. पिंपरीकडे कारखाने उभे राहत होते, जमिनी जात होत्या, जुने गावकरी आणि फाळणीनंतर कॅम्पात आलेले निर्वासित एकाच विहिरीवरून हमरीतुमरीवर येत होते. मालोजी असे तंटे तीस वर्षं मध्ये बसून मिटवत आले होते.

त्यांची अट एकच. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या तोंडाने सांगायचं. तो “व्हय, हेच” म्हणाला, तरच आपलं उत्तर द्यायचं. नाहीतर परत सांगायचं.

पहिल्या दिवशी मारुतीच्या देवळात मुलांची पार भंबेरी उडाली. एकाने दुसऱ्याचं म्हणणं सांगताना मध्येच स्वतःचं भाषण ठोकलं. मालोजी म्हणाले, “लेका, त्याचं सांग म्हनलं तर तुझंच दळान घातलंस.” चार दिवसांत मात्र मुलं ऐकायला शिकली. निम्म्या वेळा तर समोरचा “व्हय” म्हणेपर्यंत रागच ओसरून जाई.

दुपारी मुलं शिबिराच्या पंगतीला जात आणि मालोजी घरी येऊन एकटे भाकरी थापत. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा ज्योतीराम तीन वर्षांपूर्वी घर सोडून पिंपरीत कारखान्यात लागला, तो परत फिरकला नव्हता. एका माणसापुरतं पीठ मळणं त्यांना अजून जमत नसे. रोज एक भाकरी उरे, आणि ती उरली की त्यांना फार एकटं वाटे.

शेवटच्या दिवशी इंद्रायणी नावाच्या मुलीने धिटाईने विचारलं, “काका, तुमच्या हातून कधी चूक झाली का?”

मालोजींनी टाळलं नाही. तीन वर्षांपूर्वी गावाचं गायरान कारखान्याच्या रस्त्यासाठी द्यायचं की नाही, यावर सभा झाली होती. मध्ये मालोजीच होते. त्यांनी सगळ्यांना बोलू दिलं. ज्योतीराम उठला तेव्हा मात्र म्हणाले, “तू बस. मधल्या मानसाच्या घरचं कुनी बोलायचं न्हाई.” गावाने त्यांच्या निःपक्षपातीपणाची वाहवा केली. गायरान गेलं, आणि आठवड्याभरात ज्योतीरामही गेला.

“त्याला काय म्हणायचं होतं?” इंद्रायणीने विचारलं.

“कंपनीला जागा द्या म्हनला आसता. नोकरीची हाव, दुसरं काय.”

“पण हे त्याचं म्हणणं झालं का काका? त्याने ‘व्हय’ कुठे म्हटलंय?”

मालोजींना मुलांसमोर आपली लाज वाटली. साऱ्या मुलखाला अट घालणाऱ्याने घरात ती पाळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते चालत पिंपरीला गेले. ज्योतीराम खोलीत शिफ्टला निघायची तयारी करत होता. बापाला पाहून त्याने पाणी दिलं, आणि पुन्हा डबा भरायला लागला.

“त्या दिशी तुला काय बोलायचं हुतं?” मालोजींनी विचारलं.

त्याने डब्याच्या फडक्याला करकचून गाठ मारली. मग म्हणाला, “गायरान देऊ नका म्हननार हुतो. ते गेल्यावर जनावरं कुठं चारायची? आन् तुमी मला समद्या गावासमोर बस म्हनलात.”

हाव म्हणून ज्याला तीन वर्षं मनात बोल लावला, तो गुरांसाठी बोलणार होता. तरी मालोजींनी सवयीने अट पाळली. “तुझं म्हननं आसं, की गायरान ऱ्हायला पायजे हुतं.”

“न्हाई.”

“मंग?”

“ते नंतरचं. आधीचं सांगा.”

मालोजींनी मान खाली घातली. “समद्यांचं ऐकलं, आन् माझ्या पोराचंच ऐकलं न्हाई.”

“व्हय,” ज्योतीराम म्हणाला. “हेच.”

आता अटीप्रमाणे उत्तराची पाळी मालोजींची होती. सभेला घरचा आणि परका एकच असावा लागतो, हे उत्तर त्यांनी तीन वर्षं घोकून ठेवलं होतं. आता मात्र ते त्यांनी गिळून टाकलं.

कारखान्याचा भोंगा झाला. ज्योतीरामने डबा उचलला, दारापर्यंत गेला, आणि खोलीची किल्ली बापाच्या हातावर ठेवून कामावर निघून गेला. मालोजींनी उठून पिठाचा डबा शोधला आणि दोघांपुरतं पीठ काढलं.