चिकाचा डबा

आमचा गोठा आधीचा, कॉलनी नंतरची. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. धुळ्याहून चाळीसगावकडे निघालं की उजव्या हाताला बंगल्यांच्या रांगा दिसतात. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे कपाशी उभी होती. चुलत सासऱ्यांनी ते रान प्लॉट पाडून विकलं. बांधाच्या अलीकडे राहिलं आमचं शेत आणि सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, चार म्हशी.

सुरुवातीला सगळी गोडीगुलाबी होती. मी किटली घेऊन घरोघरी दूध घालायचे. गुलाबाला शेणखत हवं म्हणून साहेब लोक बादल्या घेऊन गोठ्यात यायचे. मग त्यांना माशा दिसायला लागल्या, वास यायला लागला. माशा आणि वास जुनेच होते, नाकं तेवढी नवी होती.

एके दिवशी ग्रामसेवक नोटीस घेऊन आले. रहिवाशांना उपद्रव होतो, पंधरा दिवसांत गोठा हलवा, हरकत असल्यास ग्रामसभेत मांडा, असं तिच्यात होतं. सोबत कॉलनीच्या अर्जाची प्रत. आबांना मोतीबिंदूमुळे अक्षर दिसत नव्हतं. खाटेवर बसून ते म्हणाले, सह्या कोणाकोणाच्या आहेत ते वाच. मी वाचत गेले. प्रत्येक नावासरशी मला त्या घरचं माप आठवत होतं. कुणाचं अर्धा लिटर, कुणाचं दीड, कुणाच्या तान्ह्या बाळासाठी वेगळ्या म्हशीचं. संतापाने मी एकेक नाव ठासून वाचत होते.

शेवटून दुसरी सही कोपऱ्यातल्या घरातल्या मॅडमची होती. त्या शाळेत शिकवायच्या. आबांची मुलगी सुरतला दिलेली, वर्षातून एकदा यायची. मॅडममध्ये त्यांना तीच दिसायची. बाजारातून वांगी आणली तरी दोन त्यांच्याकडे पाठवायचे. मी ते नाव गिळलं, शेवटचं वाचलं आणि कागदाची घडी घातली.

मॅडमची नाही ना, आबांनी विचारलं. नाही, मी म्हटलं.

त्याच आठवड्यात थोरली म्हैस व्याली. व्यालेल्या म्हशीचं पहिलं दूध, चीक, आमच्याकडे कधी विकत नाहीत, शेजारीपाजारी वाटतात. त्या वर्षी आबांनी एकच डबा भरायला लावला आणि माझा हात धरून स्वतः निघाले.

मॅडमनी दार उघडलं आणि आम्हाला पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"माय, बठ्ठासनी सही करी, तू एकलीनी नही करी," आबा म्हणाले. "हाऊ चीक तुन्हा घरले."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला बरं वाटलं. बोल आता, असं मी मनात म्हणत होते. त्यांनी डबा आत नेला आणि रिकामा परत द्यायचा नाही म्हणून त्यात साखर घालून आणला. मग वाकून आबांच्या पाया पडल्या. आबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

येताना आबा हलके झाले होते. एक घर तरी आपलं आहे, ग्रामसभेत तीच आपल्या बाजूने बोलेल, असं वाटभर सांगत होते. तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. आज सांगते, उद्या सांगते करत राहिले.

ग्रामसभेला सगळी कॉलनी आली होती. आबा काठी टेकत उभे राहिले. वासाचा एवढा त्रास असता तर सगळ्यांनीच सह्या केल्या असत्या, असं त्यांचं म्हणणं होतं.

"मॅडमले इचारा," ते म्हणाले. "तिनी सही नही करी."

मॅडम खाली बघत बसल्या. ग्रामसेवकांनी अर्ज उलटला आणि त्यांचं नाव मोठ्याने वाचलं. मागे कुणीतरी हसलं. आबांनी मॅडमकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मी बसले होते तिकडे वळून उभे राहिले आणि थोड्या वेळाने खाली बसले.

म्हशी गेल्या. गोठ्याच्या जागी आता मोकळी जमीन आहे, कॉलनीतली मंडळी तिथे गाड्या लावतात. मी दिसले की मॅडम रस्ता बदलतात, कधी मीच बदलते. आबा माझ्याशी बोलतात, जेवण वाढलं की जेवतात. पण घरात काही कागद आला, अगदी औषधाची चिठ्ठी असली, तरी ती खिशात घालून चाचपडत दुकानापर्यंत जातात आणि वाण्याकडून वाचून घेतात.