टोपलीभर शेवग्याचा पाला घेऊन कापड्याला

सुलूचं पत्र आलं, ‘आई, विहिरीवरून येताना डोळ्यांपुढे अंधारी येते.’ दुसऱ्या बाळंतपणानंतर माझी मुलगी सावरलीच नव्हती. अंगात रक्त नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. शाळा मी पाहिली नाही, पण वाचायची सवय लावून घेतली आहे. आरोग्याच्या एका पुस्तकात वाचलं की शेवग्याच्या पाल्यात लोह भरपूर असतं. यजमानांनी लावलेला शेवगा परसातच होता. ते गेले, झाड राहिलं. म्हटलं, निघावं.

आदल्या संध्याकाळी डहाळ्या तोडून फडक्यात गुंडाळून ठेवल्या. सकाळी झटकल्या की पानं आपोआप गळतात, निवडत बसावं लागत नाही. टोपली गच्च भरली.

आमच्या दासगावहून जाणाऱ्याला महाडला गाडी बदलावी लागते. स्टँडवर चहा मिळतो. भाकरी घरची न्यावी. पोलादपूरच्या गाडीत शेजारची म्हातारी टोपलीत डोकावली.

“काय गो, म्हस व्यालीय काय?”

“लेक व्यालीय.”

ती हसायची थांबली. “मग मूगडाळ घाल त्यात. नुसता पाला उष्ण पडतो.”

पोलादपूरला उतरून सुलूच्या सासरी, कापड्यापर्यंत चालत गेले. भात पोटरीला आलं होतं. बांध निसरडे होते, या दिवसांत काठी हाती असावी. अशीच हिरवी वाट मी पूर्वी यांच्याबरोबर चालले होते. या वेळी खाली बघूनच चालले.

सुलू दारात आली. ओठ पांढरे, नखं पांढरी. चूल मीच हाती घेतली. लसूण, कांदा, हिरवी मिरची परतली, भिजवलेली मूगडाळ घातली, मग पाला, वरून ओलं खोबरं. फार शिजवला नाही, कडवट होतो. टोपलीभर पाला पातेल्याच्या तळाशी गेला.

आधी सुलूचे सासरे आणि दोघे दीर जेवले, मग मुलं, मग विहीणबाई. “हाताला चव हाय तुमच्या,” म्हणत त्यांनी पुन्हा वाढून घेतलं.

“सुलूसाठी आणला होता,” मी म्हटलं.

“सगल्यांनी खाल्ला, त्यात काय झालं? आमच्या गोठ्यामागं हाय की शेवगा. शेंगा आमी खातो, पाला गुरांना.”

मी मागे जाऊन पाहिलं. झाड माझ्या झाडापेक्षा मोठं होतं.

सुलूने भाकरीच्या तुकड्याने पातेलं पुसून घेतलं. तेवढीच तिची भाजी. मी हळूच म्हटलं, “उद्यापासून गोठ्यामागच्या झाडाचा पाला खुड, आणि तुझ्यापुरती भाजी आधी काढून ठेव.”

“सगळ्यांच्या आधी?” ती हसली. “तुझ्याच घरात शिकले ना गो मी, आई?”

टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी परत निघाले. सुलू बांधापर्यंत आली, वाटेत दोनदा खाली टेकली.

आता घरात मी एकटी. पहिली पंगत माझी, शेवटचीही माझीच. काल पाल्याची भाजी केली, कुणी वाटेकरी नाही, आणि ताट तसंच झाकून ठेवलं. सुलू सात वर्षांची असताना एकदा भूक लागली म्हणून वडिलांच्या आधी पानावर बसली होती. हीच भाजी होती. तिच्यापुढची ताटली मी उचलून घेतली होती.