ओल्या मैदानाची चावी

हे मी माझ्या बायकोलेही सांगितलं नाही. अन् तिच्यापाशी तर मी शेजारच्याच्या भांडणापासून पोटातल्या गॅसपर्यंत सगळं बोलतो — आता तुम्हीच समजा. चार वर्षं झाली. गोष्ट ओठावर येते, अन् मी म्हणतो, "चाय ठेव न." आज सांगून टाकतो. तुम्ही मले ओळखत नाही, हे एक बरं आहे.

पण आधी गवताचं सांगू द्या. ते नाही सांगितलं तर बाकीचं कळणारच नाही.

मी गोली. म्हणजे गोलकीपर — आमच्या रायपूरच्या बूढापाऱ्यात गोलीच म्हणतात. विमा ऑफिसात नोकरी, पोट जरासं सुटलेलं, तेव्हा वय एक्कावन्न. पण रविवारी सकाळी आमच्या छोट्या क्लबच्या गोलात उभा राहणार तो मीच, तीस वर्षांपासून. क्लबचा सेक्रेटरीही मीच, कारण दुसरं कोणी व्हायले तयार नाही. आमचं मैदान होतं मुरमाचं. लाल, टणक, खड्यांचं. त्यात कधी मीना बाजार लागे, कधी लग्नाचा मंडप, अन् ते उठले की मागं खिळे राहात. मॅचच्या आधी आम्ही सारे वाकून खिळे वेचायचो. अशा जमिनीवर गोली काय शिकते? पडायचं नाही, हेच शिकते. हात लांब कर, पाय टाक, पण झेप? नाव नको! माझ्या दोन्ही कुल्ल्यांवर — माफ करा, पण आता लपवायचं काय — अजून रुपयाएवढे डाग आहेत. टीव्हीवर तो गोली हवेत आडवा होते न, बॉलच्या मागं? मी पाहातच राहायचो. बायको म्हणे, "तोंड मिटा, माशी जाईल."

मग एक दिवस आमच्या मैदानाची पार्किंग झाली. पक्की, फरशी लावून. क्लब रस्त्यावर.

तेव्हा सरिता दीदीचा फोन आला. तेलीबांध्याच्या पुढं, नव्या रायपूरच्या रस्त्याले एका गावाच्या कडेनं त्यांचा रग्बीचा क्लब होता, सगळा पोरींचा. दीदी त्यांची कोच. जागा सरकारी, अन् तिच्यावर लग्नाच्या लॉनवाल्यांचा डोळा. दीदीचा हिशेब सरळ होता — एका क्लबले कोणीही हाकलते, दोघं खेळत असले तर हात लावताना विचार करते. "भैया, आप लोग आ जाओ, मैदान बाँट लेंगे." बस, एवढंच.

मी पाहायले गेलो. अन् बाप्पा रे, काय सांगू! गवत! हिरवीगार दूब, या टोकापासून त्या टोकापर्यंत! मी चप्पल काढून उभा राहिलो तर तळव्याले गुदगुल्या. त्या पोरींनी ती दूब एक-एक काडी करून हातानं लावली होती. तीन पावसाळे लागले होते त्यांले. हे मले सांगितलं हेमिननं. हेमिन त्यांची कॅप्टन — गावातलीच, एकोणीस वर्षांची, उंचीनं माझ्या खांद्याएवढी, पण चालली की वाटे जमीन तिच्या बापाची आहे. गेटची चावी तिच्यापाशी राहायची. अन् त्या मैदानाचा नियम एकच होता. पाऊस पडला की दुसऱ्या दिवसापर्यंत गवतावर कोणी पाय ठेवायचा नाही. कोणीच नाही. नियम मोडला तर जबाब चावीवाल्याचा.

आता आमच्या क्लबात सगळे मले पाहून हसायचे, कारण मी झोपेतही तेच बोलत होतो. पण मधूकाका अडून बसले. मधूकाका म्हणजे आमचे अध्यक्ष, रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांच्या होकाराशिवाय आमच्याकडं पान हालत नाही. "रेड्यांचा खेळ आहे तो," ते म्हणत. "टक्कर देतात, जमीन खोदून ठेवतात. अन् अशा लोकांचा भरवसा काय? आज म्हणतील या, उद्या म्हणतील जा." पोट्टे मागं लागले तेव्हा एवढं कबूल झाले की रविवारी दहाले सगळे मैदानावर जमू, अन् तिथंच हात वर करून काय ते ठरवू.

शनिवारी संध्याकाळी पाणी पडलं. गणपती उठून आठ दिवस झाले होते, कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं, अन् धो-धो.

रविवारी मी सातलेच पोचलो. काहून? तर सांगायले कारण होतं — मापं घ्यायची होती. रग्बीचे खांब इंग्रजी एचसारखे, उंच, पण त्यांच्यातलं अंतर कमी. आमचा लोखंडी गोल रुंद, तो त्या खांबांच्या पुढं बसते का, हे टेप लावून पाहायचं होतं. कारण खरं होतं. पण टेपनं मोजायले स्कूटरच्या हुकाले बॉल कशाले लटकवते कोणी? सांगा न!

हेमिन चावी घेऊन आली. तिले घरी सगळ्यांसाठी पोहे करायचे होते, तिनं गेट उघडलं अन् म्हणाली, "भैया, किनारे-किनारे जाहू. घास मा पाँव झन रखहू." म्हणजे कडेकडेनं जा, गवतावर पाय ठेवू नका. मी म्हटलं, "हव." ती गेली.

मी मापं घेतली. पाच मिनिटं लागली. मग उभा राहिलो तसाच. समोर ते गवत — ओलं, चमकून राहिलेलं, कोणी नाही, सकाळचं ऊन. मी स्वतःलेच म्हटलं, एकदा. फक्त एकदा. तीस वर्षं, यार!

बॉल वर फेकला अन् झेप घेतली.

अहो, लागलंच नाही! उडलो, पडलो, अन् गवतानं मले धरलं, सरकत नेलं चार हात — अन् लागलं नाही! मी मोठ्यानं हसलो. एकटा. मग दुसरी उडी, डावीकडं. मग उजवीकडं. मग खांबाले बॉल मारायचा अन् परतून आला की त्याच्यावर झेप. किती मारल्या, मोजल्या नाहीत. छाती धडधडत होती, तोंडात माती, चष्मा खिशात, अन् मी आरडून राहिलो होतो — "सेव्ह! क्या सेव्ह है!" एक्कावन्न वर्षांचा माणूस. आजही हे सांगताना मी हसून राहिलो आहे, खोटं काहून बोलू?

मग उठलो, अन् मागं पाहिलं.

खांबांच्या पुढची सगळी जागा — दोन खाटा मावतील एवढी — उघडी पडली होती. दूब मुळासकट निघाली होती, चिखल झाला होता. ज्या काड्या त्या पोरींनी हातानं लावल्या होत्या, त्या माझ्या पँटीले चिकटल्या होत्या.

मी काय केलं असेल? हापशावर गेलो, हातपाय धुतले, पँट धुतली, डिक्कीत क्लबची जर्सी अन् हाफपँट होती ती घातली. साडेनऊले आमचे पोट्टे आले अन् म्हणाले, "विलास भैया तो ड्रेस में आ गए! क्या जोश है!" मी हसलो. हसलो हो मी.

हेमिन पोह्याचं पातेलं घेऊन आली. तिनं ती जागा पाहिली. मग स्कूटरच्या सीटवर वाळत टाकलेली माझी पँट पाहिली. पातेलं ठेवलं अन् खांबापाशी जाऊन, एक-एक ढेकूळ उचलून, पायानं दाबून बसवत राहिली. आता सांगेल, आता सांगेल — मले वाटून राहिलं होतं. अन् तेवढ्यात दीदी आली, मधूकाका आले, सगळे आले.

मधूकाका तर खूशच झाले. "पाहा! म्हणत नव्हतो? खोदली की नाही रेड्यांनी?"

दीदीचा चेहरा लाल झाला. तिनं एवढंच विचारलं, "चाबी किसके पास थी?"

"मोर करा, दीदी," हेमिन म्हणाली. म्हणजे माझ्यापाशी.

"कौन खेला?"

आता ऐका. हेच ते, जे मी चार वर्षं गिळून बसलो आहे. हेमिननं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. घाबरूनही नाही. जसं आपण दुसऱ्याले पास देतो न, की घे, आता तुझा बॉल — तसं पाहिलं. मले फक्त तोंड उघडायचं होतं. "मी खेळलो," एवढंच. कोणी मले फाशी देणार नव्हतं! पोट्टे हसले असते, मधूकाका दोन शिव्या घालते, दीदी रागावती. पण मग काका म्हणाले असते, आपल्याच सेक्रेटरीनं घाण केली, चला घरी — अन् हे गवत गेलं असतं. अन् खरं सांगू? ते दुसरं कारण. पहिलं कारण हे की मले लाज वाटली. ओल्या गवतावर एकटाच लोळणारा म्हातारा, हे आपलं सगळ्यांसमोर निघेल, याची.

मी खाली पाहिलं. हातातला टेप गुंडाळायले लागलो. तो गुंडाळलेलाच होता.

हेमिन म्हणाली, "मोर गलती हे."

दीदी म्हणाली, नियम म्हणजे नियम. दिवाळीच्या आधी बिलासपूरले स्पर्धा होती, तिच्यातूनच राज्याच्या टीमची निवड व्हायची होती. हेमिन तिथं जाणार नाही. त्या वयोगटातलं तिचं ते शेवटचं वर्ष होतं, हे तिथं उभ्या सगळ्या पोरींले माहीत होतं. एक लहान पोट्टी रडायले लागली. हेमिन नाही रडली. मानेनंच हव म्हणाली.

अन् मधूकाका? ते थक्क होऊन पाहातच राहिले. मग टोपी काढून म्हणाले, "जे लोक आपल्या कॅप्टनलेही सोडत नाहीत, त्यांच्यासोबत मैदान वाटून घ्यायले हरकत काय? मले नाही." अन् सगळ्यात आधी हात वर केला तो त्यांनी. मग पोट्ट्यांनी. मग मीही केला. काय गलका झाला तेव्हा! ढोल नव्हता तर पातेलं वाजवलं. पोट्ट्यांनी मले उचलून घेतलं, "सेक्रेटरी की जय!" अन् मी — वर, हवेत — खूश होतो. हो. मनापासून खूश होतो. हेही सांगून ठेवतो.

हेमिन बिलासपूरले गेली नाही. पुढच्या वर्षी वय निघून गेलं. आता समता कॉलोनीत एका दवाखान्यात काउंटरवर बसते. बायकोचं बीपी तपासायले तोच दवाखाना जवळ पडते, पण मी दूरच्या दवाखान्यात नेतो. काहून, ते बायकोनं विचारलं तर म्हणतो, तिथं गर्दी राहते.

ती काहून गप्प बसली, मी कधी विचारलं नाही. मैदानासाठी असेल. मी बोलीन म्हणून वाट पाहत असेल. काहीही असेल, ते तिचं आहे. माझं एवढंच आहे की मी गप्प बसलो. अन् त्या उड्यांचा — पश्चात्ताप करायचं ठरवतो, बसतो, अन् होत नाही. गप्प बसल्याचा होते. उड्यांचा नाही होत.

एक राहिलं. मधूकाकांनी हात वर केला, पातेलं वाजून झालं, त्यानंतरचं. दीदी म्हणाली, आता चावी कोणा जबाबदार माणसापाशी पाहिजे, दोन्ही क्लबांच्या वतीनं. सगळ्यांनी माझं नाव घेतलं. हेमिननं कमरेची चावी सोडली अन् दीदीच्या हातात दिली, दीदीनं ती माझ्यापुढं धरली. अन् मी हात पुढं केला.

तेव्हापासून ती माझ्यापाशीच आहे. पाऊस पडला की मी गेटवर उभा राहतो, दुसऱ्या दिवसापर्यंत गवतावर कोणाले पाय ठेवू देत नाही. पोट्टे म्हणतात, "विलास भैया बहुत सख्त हैं."