डाव्या विंगेतल्या शालूकाकू

शालूकाकूंसमोर कुणाचं वाक्य अडकलं की त्या ते पुरं करून टाकायच्या. समोर कोण आहे याची पर्वा नसे. झाशीतल्या दतिया गेटच्या बाजारात भाजीवाला "बहनजी, टमाटर आज..." एवढं म्हणून पिशवी शोधायला वाकला, तर काकू "महँगे हैं, पर मीठे हैं" म्हणून मोकळ्या. त्यांच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी मीटिंगमध्ये शब्द आठवायला नुसते डोळे मिटले, तरी तिथे शिवण शिकवणाऱ्या काकूंच्या खुर्चीकडून तो शब्द यायचा. माणसं चिडायची. पण शब्द बहुतेक वेळा बरोबर असायचा, त्यामुळे चिडूनही उपयोग नसे.

त्यांना ही खोड लागली नाटकामुळे. झाशीतल्या आम्हा मराठी घरांचं एक लहानसं मंडळ होतं आणि गणपतीत मंडळाचं मराठी नाटक व्हायचं. शालूकाकू त्या नाटकाच्या प्रॉम्प्टर. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला वाटेल, त्यात काय मोठंसं, नट विसरला तर एखादा शब्द सांगायचा. तसं नव्हतं. आम्ही पोरं घरात मराठी ऐकणारी आणि हिंदीत उत्तर देणारी. पाठ केलेलं मराठी तोंडात टिकायचंच नाही. म्हणून काकू डाव्या विंगेत पाटावर बसून अख्खं नाटक बोलायच्या, आणि आम्ही त्यांच्यामागून ते मोठ्याने म्हणायचो. प्रत्येक वाक्याआधी डावीकडे बघायचं, शब्द घ्यायचा, मग प्रेक्षकांकडे वळायचं. पुढच्या रांगेला प्रत्येक संवाद दोनदा ऐकू यायचा आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. "आवाज काकूंचा, हातपाय पोरांचे," असं बाबा म्हणत. बाबा म्हणजे मंडळाचे चिटणीस, कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क.

काकूंची एक जुनी ठसठस होती. कधीतरी मंडळाचं नाटक महाराष्ट्रात स्पर्धेला गेलं होतं. मरणाच्या प्रसंगात तिथले प्रेक्षक हसले. आमचं मराठी ऐकून हसले. काकू विंगेत होत्या, त्यांनी ते हसू ऐकलं. "एक दिन आपली झाशीची मोड़ी पुण्याच्या स्टेजवर उभी राहील," त्या म्हणायच्या, "मग बघते कोण हसतं ते." मोड़ी म्हणजे आमच्याकडे मुलगी. ती मोड़ी मी, हे त्यांनी मला विचारल्याशिवायच ठरवून टाकलं होतं.

मला नाटक शिकायचं होतं, हे मात्र खरं. बी.ए. झाल्यावर मी घरात तसं बोलले तेव्हा बाबांनी अट घातली. म्हणाले, "एक वर्ष. कुठल्याही चांगल्या ठिकाणी प्रवेश मिळव आणि जा. नाही मिळाला तर बी.एड., आणि ग्वाल्हेरच्या स्थळाला होकार. पुन्हा हा विषय काढायचा नाही." बाबा शब्दाचे पक्के होते, दोन्ही बाजूंनी. मी पुण्याच्या नाट्यविभागासाठी अर्ज केला, आणि हाताशी असावा म्हणून लखनऊच्या नाट्यशाळेसाठीही.

पुण्याची तयारी काकूंनी करून घेतली. शाळा सुटली की त्या आमच्याकडे यायच्या, हातातलं शिवण पुढे चालू आणि कान माझ्याकडे. "श्वास आधी, शब्द मागून. शब्द काय पळून चाललाय?" माझ्या मराठीला हिंदीचा हेल आला की सुई थांबायची. मी तो शब्द पुन्हा म्हणायचा, सुई चालू होईपर्यंत म्हणायचा. आई म्हणायची, "अहो, पोरीला पाणी तरी पिऊ द्या." काकू म्हणायच्या, "पुण्यात पी."

पुण्यात झालं ते असं. तीन परीक्षक समोर, मी उभी राहिले आणि पहिल्या वाक्याआधी डावीकडे बघितलं. दुसऱ्या वाक्याआधीही. तिथे एक बंद कपाट होतं. एका परीक्षकांनी शेवटी विचारलं, "बाळ, तिकडे कोण आहे?" मी म्हणाले, "काकू." मग सगळं सांगावं लागलं. ते हसले, पण मायेने हसले. दुसरे म्हणाले, "तुझं मराठी फार गोड आहे गं. जुनं. आमची आजी असं बोलायची." मला त्यांनी घेतलं. घेतल्याचा आनंद झालाच, पण परतीच्या गाडीत त्या गोड शब्दाने मला काही सुचू दिलं नाही. मी तिथे तीन वर्षं गोड बोलत राहणार की काय, असं वाटत होतं.

त्यानंतर लखनऊ. तिथे हिंदी. त्यांनी मध्येच थांबवून सांगितलं, "अपने यहाँ की बोली में करो," आणि मी बुंदेलीत एक भांडखोर सासू केली. कुठून आली ती सासू, कुणास ठाऊक. संपल्यावर मला घाम आला होता आणि हसूही येत होतं.

परत आल्यावर काकूंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"विंगेकडे बघितलंस?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही, काकू. सुचलंच नाही."

त्यांनी ताटातले निवडलेले आणि न निवडलेले तांदूळ एकत्र केले आणि पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतले. पुढे पुण्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. लखनऊबद्दलही नाही.

पेच पडला तो तारखांचा. पुण्याने होकार कळवायला मुदत दिली होती, आणि लखनऊचा निकाल त्या मुदतीच्या आत लागेना. पुण्याला हो म्हटलं तर लखनऊ गेलं, कारण एकदा दिलेला शब्द बाबा फिरवू देणार नव्हते. नाही म्हटलं आणि लखनऊनेही नाही म्हटलं, तर बी.एड. आणि ग्वाल्हेर. घरात मात्र हा पेच कुणाला दिसतच नव्हता. आईने माझ्यासोबत द्यायला मेतकूट केलं होतं. मी काकूंकडे जाऊन भुणभुण करायचे. "तुम्ही सांगा ना. आयुष्यभर सगळ्यांना शब्द दिलेत, मला एक देता येत नाही?" एरवी वाक्य पुरं होऊ न देणारी बाई गप्प. माझं डोकंच फिरलं एकदा. "तुम्हाला काय वाटतं तेवढं तरी सांगा." तेव्हा म्हणाल्या, "मला भीती वाटते, नंदू. आणखी काही विचारू नकोस."

मुदतीच्या दिवशी बाबा कचेरीत, म्हणून काकू माझ्यासोबत एस.टी.डी. बूथवर आल्या. बूथची काच धुरकट होती आणि आत पंखा नव्हता. पुण्याचा नंबर लागत नव्हता. लागला की एंगेज. बाहेर रांगेतला एक माणूस काचेवर अंगठीने टकटक करत होता. शेवटी लागला आणि पलीकडून बाईंनी विचारलं, "मग येताय ना?" काकू माझ्या मागेच उभ्या होत्या, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी समोरच्या मीटरकडे बघत म्हणाले, "नाही. माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या." हे बोलेपर्यंत मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. फोन ठेवला, तरी मी तिथेच उभी. काकूंनी दंड धरून मला बाहेर काढलं. वाटेत एवढंच म्हणाल्या, "आता घरी सरळ चाल. चेहरा पाडू नकोस."

बाबा संध्याकाळी आले आणि त्यांना कळलं. ते कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशी चढवला. "हातातली जागा सोडली? कशाच्या भरवशावर? आणि या काकूंनी तुझ्यासाठी एवढी हाडं झिजवली, त्यांच्या तोंडाकडे तरी बघायचं होतंस."

मी म्हणाले, "बाबा, ते मी..."

"...काकूंचं ऐकलं, असं म्हणतेय ती," काकू दारातून म्हणाल्या. "भाऊसाहेब, मीच सांगितलं तिला, पुणं नको म्हणून. तिला कशाला बोलता?"

मी तोंड उघडलं, तर त्यांनी असे डोळे वटारले की ते मिटलं. बाबा म्हणाले, "तुम्ही? तुमचा काय अधिकार?" काकू म्हणाल्या, "काही नाही. पण सांगितलं खरं." आणि चपला घालून गेल्या.

मग सुरू झालं वाट बघणं. देव शत्रूलाही तसले दिवस दाखवू नये. बाबांनी काकूंशी बोलणं टाकलं. मंडळात उघड म्हणाले, "लोकांच्या मुलींची आयुष्यं पणाला लावायला यांचं काय जातं?" मी रात्री आईला खरं सांगितलं. आईने बाबांना सांगून पाहिलं, पण ते म्हणाले, पोरगी काकूंना वाचवायला बोलतेय. मी सांगितलं तरी तेच उत्तर. काकूंना कुणी विचारलं तर त्या शांतपणे म्हणत, "हो, मीच." गणपतीच्या नाटकाची बैठक झाली, तिला त्यांना बोलावणंच गेलं नाही.

लखनऊचं पत्र आलं ते वेटिंगचं. पहिला नंबर. आमचं गाव रेल्वेचं, वेटिंगचा अर्थ आम्हाला कुणी समजावून सांगावा लागत नाही. पहिला नंबर असूनही माणूस फलाटावरच राहिलेला आम्ही रोज बघतो. बाबांनी पत्र वाचलं, घडी केली आणि दुसऱ्या दिवशी बी.एड.चा फॉर्म आणून टेबलावर ठेवला. ग्वाल्हेरची माणसं येत्या रविवारी येतो म्हणाली. आईने माझी साडी इस्त्रीला दिली.

मी काकूंकडे गेले. त्या शाळेतल्या मुलींनी शिवलेली झबली उसवत होत्या. चांगली शिवलेलीही उसवत होत्या. मी म्हणाले, "काकू, झबल्यांनी काय केलंय?" तर हातातलं झबलं बघून त्यांनाच नवल वाटलं. "कळत नाही गं हाताला," म्हणाल्या. मला तेव्हा दिसलं की त्या वाळल्या आहेत. माझी जागा गेली तर मला बाबा कधीतरी माफ करतील. त्यांना कधीच करणार नाहीत, आणि या गावात आमच्या बोलीची चार माणसं, त्यांच्याशिवाय काकूंना दुसरं होतं कोण? "मी बाबांना पुन्हा सांगते," मी म्हणाले. "गप. एकदा बोललेलं वाक्य मागे घेत नाहीत. प्रेक्षक गोंधळतात," त्या म्हणाल्या.

शनिवारी दुपारी तार आली. एक जण आला नाही, जागा रिकामी आहे, ताबडतोब हजर व्हा. आई रडायला लागली. मी तार उलटीसुलटी करून वाचली आणि जमिनीवर बसले. बाबांनी कचेरीतून आल्यावर ती वाचली, ग्वाल्हेरला निरोप पाठवला आणि पुन्हा चपला घालून बाहेर गेले.

काकू जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या गेल्या तेव्हा मी हिंदी नाटकाच्या दौऱ्यावर होते, मला पोचता आलं नाही, आणि ते दुःख अजून आहे तसंच आहे. माझ्या एकाही नाटकाला त्या आल्या नाहीत. पण त्यांची आठवण आली की मला ती शनिवारची संध्याकाळच आठवते.

बाबा पेढ्यांचा पुडा घेऊन परतले आणि आम्हा दोघींना म्हणाले, "चला." काकूंच्या दारात त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले. "काकू, चुकलो. वाट्टेल ते बोललो तुम्हाला. तुम्ही हिला बरोबर सांगितलंत." आणि पुडा पुढे केला.

काकूंनी पुड्याला हात लावला नाही. "मी काय सांगितलं? मी काहीच सांगितलं नाही तिला. मी तर पुण्याच्याच बाजूची होते. आजही आहे. तुमच्या पोरीने किती विचारलं, पण मी शब्द दिला नाही. तिने आपलं आपण ठरवलं. पेढा तिचा आहे."

बाबांना कळेना. "मग त्या दिवशी तुम्ही स्वतःचं नाव का सांगितलंत?"

"त्या दिवशी ती एकटी होती," काकू म्हणाल्या. "आज तुम्ही सगळे आहात."

बाबांनी पुडा माझ्या हातात दिला. मी पुडा उघडला आणि पेढा काकूंच्या तोंडाशी नेला. त्यांनी माझं मनगट धरून थांबवलं.

"अर्धाच दे. मी रुसलेली आहे तुझ्यावर."