मच्छिंद्र भावोजींचं मोदकाचं चाक

शेजारचे मच्छिंद्र भावोजी हडपसरच्या एका कारखान्यात रंगारी होते. कारखाना बंद पडला, त्या जागी काचेची आयटी कंपनी उभी राहिली आणि भावोजी घरी बसले. बसले कसले, जुन्या सायकलीच्या मागे लागले! आळीच्या गणपतीपुढचा हलता देखावा यंदा आपल्याच हातचा असायचा, हे त्यांनी मनावरच घेतलं होतं.

लाकडी चाकावर बालगणेशाची सोळा चित्रं काढली. पार्वतीच्या ताटातला मोदक सोंडेत, सोंडेतून तोंडात. पायडल मारलं की चाक फिरणार, पुढच्या खिडकीची झडप लपलप उघडणार आणि चित्र हलणार. माणूस भारी देवभोळा. चित्रं प्रदक्षिणेच्या क्रमानं लावली, चाकही प्रदक्षिणेच्याच दिशेनं फिरेल असं सायकलीला पट्ट्यानं जोडलं.

"देवाचं काम उलटं नको, वहिनी," मला म्हणाले.

स्थापनेच्या आदल्या संध्याकाळी मंडळापुढे चाचणी झाली. भावोजींनी पायडल मारलं आणि खिडकीत गणपतीच्या तोंडातून अख्खा मोदक बाहेर आला, सोंडेत गेला, पार्वतीच्या ताटात जाऊन बसला. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

मंडळाचा अध्यक्ष विक्रम त्या काचेच्या कंपनीतलाच. "काका, बाप्पाला मोदक आवडला नाही वाटतं! सॉरी, मी लायटिंगवाल्यालाच बोलावतो."

भावोजी खाली उतरले. चाक प्रदक्षिणेनं फिरलं की खिडकीत पुढच्याऐवजी आधीचं चित्र येतं, हे आत्ता कुठे त्यांच्या ध्यानात आलं. "पट्ट्याला पीळ दिला तर चाक उलटं फिरंल," ते पुटपुटले, "पण देवाला उलटी प्रदक्षिणा..." खरं सांगायचं तर मलाही ते पटेना. आणि सोळा चित्रं एका रात्रीत पुन्हा कोण काढणार?

तेवढ्यात त्यांची बायको विजयमाला पदर खोचून पुढं आली. "का रं विक्रम, निवद दावतोस त्यो द्येव ठिवून घेतो व्हय? माघारी ताटात येतो त्याला तुझ्या कंपनीत काय म्हणत्यात?"

"प्रसाद," विक्रम हळूच म्हणाला.

"मग? बाप्पा आईला परसाद देतोय. चढा हो तुमी सायकलवर!"

"अगं, पण मी तर त्याला भरवत..."

"गप बसा की!"

विक्रमलाच आधी हसू फुटलं. लायटिंगवाल्याला बोलवायचं राहिलंच.

दहा दिवस चौकात रांग होती. भावोजी सीटवर दुसऱ्या कुणाला बसू देईनात, घाम पुसायला टॉवेल तेवढा मागायचे. एकदा विक्रमच्या ऑफिसातल्या मुली आल्या. मोदक ताटाकडे निघाला तशी त्यातल्या एकीनं नकळत उजवा हात पुढे केला. भावोजींनी ते पाहिलं आणि पायडल जरा हळू केलं.