आत्याची लेबलं

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण हा मान माझ्या आत्याइतका मनावर घेतलेली दुसरी बाई पुण्यात झाली नाही. फरक एवढाच, की ती बाळांबरोबर पेजर, फ्लॉपी, कॅसेट आणि माझ्या नोकऱ्यांचीही बारशी करायची. आणि त्यांना नाव म्हणून जो इंग्रजी शब्द द्यायची, त्याचा अर्थ एकच असायचा : हे काही फार दिवस राहायचं नाही.

आत्या महापालिकेच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाली होती. वडिलांच्या दर दोन वर्षांनी बदल्या व्हायच्या, म्हणून पाचवीपासून मी कर्वेनगरला तिच्याकडेच राहिलो. तिने लग्न केलं नाही. "मुलगा आयता मिळाला, मधली कटकट वाचली," म्हणायची. दर रविवारी विहारात वंदनेला जायची आणि तिथून तणतणत परत यायची. "सगळं अनित्य आहे म्हणून सांगून भन्तेजी मोकळे! अरे, अनित्य आहे हे कबूल, पण किती अनित्य, ते कोण सांगणार? आपण मराठीत एका 'क्षणभंगुर'वर भागवतो. इंग्रजांकडे बघ, नाना तऱ्हा आहेत. पाहुण्यासारखं येऊन जातं ते ट्रान्झियंट. सकाळी उमलून संध्याकाळी मावळतं ते एफिमेरल. नासतं ते पेरिशेबल. आणि ज्याची मुदत आधीच ठरलेली असते, ते टेम्पररी."

एवढ्यावर थांबली असती तर ती आत्या कसली! वहीवर नाव घालायची लेबलं तिच्याकडे गठ्ठ्याने असत. आमच्याकडे किंवा शेजारी नवी वस्तू आली, की ती चष्मा लावून वस्तू उलटीपालटी करून बघायची, सुंदर वळणदार अक्षरात शब्द लिहायची आणि घरी केलेल्या खळीने लेबल चिकटवून द्यायची. खळीला झुरळं लागू नयेत म्हणून लोक मोरचूद घालतात. आत्या मुद्दाम घालायची नाही. "जे टिकायचं नाही त्याचं लेबल तरी कशाला टिकायला हवं? खाऊ देत झुरळांना."

समोरचे बँकेतले काका एकदा कमरेला पेजर लावून ऐटीत आले. आत्याने त्याच्या पाठीवर 'ट्रान्झियंट' चिकटवलं. काका भडकले. "अहो बाई, हे भविष्य आहे!"

"म्हणूनच लावलं. भविष्य फार दिवस राहत नाही."

दोन वर्षांत काकांच्या कमरेला मोबाईल आला, तेव्हा ते जिना चढताना तो खिशात लपवायचे. एका लग्नात तर तिने पर्स उघडल्याबरोबर नवरीच्या वडिलांनी हातच जोडले. "बाई, इथे नको हो!" बिचारीला रुमाल हवा होता.

माझी पहिली नोकरी वेबसाइटवरून भाजी विकणाऱ्या कंपनीत होती. मार्केट यार्डातला कांदा आता तारेतून घरोघरी जाणार, असं मी छाती फुगवून सांगितलं. आत्याने माझं व्हिजिटिंग कार्ड घेतलं आणि त्यावर 'एफिमेरल' लावलं. "अगं, आमच्या ऑफिसात गुबगुबीत सोफे आहेत!" मी ओरडलो. आठ महिन्यांत सोफ्यांसकट कंपनी गेली. मी तोंड पाडून घरी आलो. 'मी म्हटलं नव्हतं?' हे वाक्य गिळून टाकणं पुणेकराला किती जड जातं ते पुणेकरच जाणे, पण आत्याने ते गिळलं आणि मला आवडतात म्हणून भरली वांगी केली.

पुढच्या कंपनीने मला सहा महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. निघायच्या दुपारी आत्या खळीची वाटी घेऊन माझ्या नव्या बॅगेपुढे बसली. एरवी शब्द तिच्या जिभेवर असायचा, त्या दिवशी फार वेळ लागला. शेवटी तिने लिहिलं, 'टेम्पररी'. "सहाच महिने ना? मग हेच बरोबर. परत आलास की मीच ओल्या फडक्याने पुसून काढीन."

सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची वर्षं झाली. लग्न झालं, घर झालं. अधूनमधून पुण्याला जायचो, पण पंधरा दिवसांच्या पाहुण्यासारखा, हातात लहान बॅग घेऊन. "परत कधी येतोस?" असं आत्याने एकदाही विचारलं नाही, मानी बाई! दर रविवारी फोनवर एवढंच विचारायची, "काय रे, लेबल पडलं का?"

"नाही गं, अजून आहे."

"झुरळं नाहीत तुमच्याकडे?"

"नाहीत."

"कसला मेला देश!" म्हणून ती हसायची, आणि मीही हसायचो. ती काय विचारते आहे हे मला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं.

शेवटच्या रविवारी तिचा आवाज फार खोल गेला होता. तिने तेच विचारलं. मला राहवलं नाही. मी खोटं बोललो. "पडलं, आत्या. आता मोठी बॅग घेऊन येतो."

ती म्हणाली, "बरं झालं. तरी मी फडकं भिजवून ठेवते. डाग राहतो मागे."

मी पोचलो तेव्हा तिला जाऊन दोन दिवस झाले होते. स्वयंपाकघरात मोरीच्या कठड्यावर एक स्वच्छ फडकं घडी घालून ठेवलेलं होतं. तोवर ते वाळलं होतं.

ती बॅग अजून माझ्याकडे आहे. चाकं तुटली, चेन गेली, लेबल मात्र शाबूत आहे. मुदतीच्या बाबतीत आत्याचा शब्द आयुष्यात एकदाच चुकला, आणि तो मी चुकवला. पाण्याचा हात फिरवला तर आत्ता निघेल. साधी खळ तर आहे. पण ते काम तिने स्वतःकडे ठेवलं होतं.